नळीची वाट

तेलगावच्या चौकात माजलगाव, वडवणी, सिरसाळा आणि धारूर अशा चारही बाजूंचे रस्ते येऊन मिळतात. जवळच सुंदरनगरला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. गाळप सुरू झालं की उसाचे ट्रक, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांनी हे रस्ते भरून जातात. धारूरची वाट धरली की सपाट काळी रानं मागं पडतात आणि बालाघाटाची चढण लागते. धारूरचा घाट उंचीनं फार मोठा नाही. पण अरुंद आहे, वळणांचा आहे आणि तिथल्या अपघातांच्या बातम्या बीड जिल्ह्यात कुणाला नव्या नाहीत. या घाटात चढताना इंजिनाचा कस लागतो, उतरताना ब्रेकचा. जुनी जीप दम तोडते तेव्हा मिस्त्री आधी कार्बोरेटर उघडतो. ब्रेक लागेनासा होतो तेव्हा आधी लायनर बघतो. टाकीपासून इंजिनापर्यंत आणि पेडलपासून चाकापर्यंत गेलेल्या नळ्यांची पाळी सगळ्यांत शेवटी येते.

ही पुस्तिका त्या नळ्यांविषयी आहे.

विषय ऐकायला किरकोळ वाटतो. जुनी जीप नव्यानं उभी करायची म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते डेंटिंग-पेंटिंग, बोअर केलेलं इंजिन, नवे टायर आणि बॉनेटवरचं ताडपत्री रंगाचं मॅट फिनिश. पैसाही तिकडंच जातो. ब्रेकच्या आणि इंधनाच्या सगळ्या नळ्या, जोड, क्लिपा आणि रबरी पाइप मिळून जो खर्च येतो, तो रंगकामाच्या खर्चापुढं अगदीच थोडा असतो. तरीही गाडी रस्त्यावर टिकणार की शेडमध्ये उभी राहणार, हे या थोडक्या खर्चावर ठरतं. त्यातही नळी कशाची आहे यापेक्षा ती कुठून नेली आहे, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. उत्तम नळी चुकीच्या वाटेनं नेली तर ती वर्षभरात घासते, तापते किंवा तुटते. पुढच्या सगळ्या प्रकरणांचं सूत्र हेच आहे.

महाराष्ट्रात या विषयाला जुना इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत विलीस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपलं त्याच वर्षी, म्हणजे ऑक्टोबर १९४५ मध्ये, महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन झाली. १९४८ मध्ये तिचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस या कंपनीनं विलीस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली आणि पुढं इथंच त्यांचं उत्पादन सुरू झालं. उंच बॉनेटची सीजे ३बी ही त्यातली सर्वांत ओळखीची. तिचं बॉनेट उंच झालं ते आतल्या २.२ लिटरच्या ‘हरिकेन’ इंजिनामुळं. इनटेक व्हॉल्व्ह ब्लॉकमधून हेडमध्ये गेल्यानं इंजिनाची उंची वाढली होती.

हीच जीप पुढं खेडोपाडी पोहोचली. गटविकास अधिकाऱ्याची, पोलिसांची, पाटबंधारे खात्याची, साखर कारखान्याच्या शेतकी विभागाची. सरकारी गाड्यांचं निर्लेखन झालं की त्या लिलावात निघत आणि शेतकऱ्याच्या, ठेकेदाराच्या किंवा गॅरेजवाल्याच्या दारात येत. मराठवाड्यात नंतर कमांडर आणि ट्रॅक्स या गाड्यांनी काळी-पिवळीच्या रूपात प्रवासी वाहतुकीचा संसार चालवला. आज कुणाच्या गोठ्याशेजारी, कुणाच्या लिंबाखाली उभ्या असलेल्या जीपमागं असा काही ना काही इतिहास असतो. म्हणजेच तिच्या पोटाखाली तीन-चार पिढ्यांच्या मिस्त्रींनी वेळ मारून नेण्यासाठी केलेल्या दुरुस्त्याही असतात. मूळ नळी कुठली आणि नंतर ठिगळ लावलेली कुठली, हे ओळखणं ही पहिली पायरी.

आता ब्रेककडे वळू. जुन्या विलीसला चारही चाकांना ९ इंची ड्रम आणि पेडलखाली एकच मास्टर सिलिंडर. त्यातून निघालेली नळी चासीवर येते, तिथं तिला फाटे फुटतात. एक फाटा पुढं जातो, एक मागं. चासी आणि ॲक्सलचं हाउसिंग यांच्यामध्ये पाट्यांवर सतत वर-खाली हालचाल असते, म्हणून तिथं लोखंडी नळी थांबते आणि रबरी पाइप सुरू होतो. पुढच्या चाकांना वळायचंही असतं, म्हणून तिथं आणखी दोन रबरी पाइप. सगळी चाकं एकाच मार्गावर असल्यानं कुठंही एक जोड सुटला तरी पेडल जमिनीला टेकतं आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. नव्या मोटारींना दोन स्वतंत्र मार्गांची ब्रेक पद्धत अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस सक्तीची झाली, ती याच धोक्यामुळं. जुन्या जीपला त्या वेळी आधार उरतो तो हँडब्रेकचा. तो नळ्यांवर अवलंबून नाही. ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टवर त्याचा वेगळा ड्रम असतो आणि तो तारेनं ओढला जातो.

या नळ्यांवर किती ताण येतो याचा अंदाज घ्यायला एक आकडा पुरे. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार दाबाची हवा असते. पेडलवर जोरात पाय दिला की ब्रेकच्या नळीतला दाब पन्नास-साठ बार आणि त्याहूनही वर जातो. ही नळी बाहेरून जेमतेम ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर जाडीची. बागेच्या नळाला लावतात तसली दाबून बसवायची जोडणी इथं चालत नाही, आणि निव्वळ तांब्याची नळीही चालत नाही. तांबं वाकवायला सोपं, म्हणून अनेक गॅरेजांत ते वापरलं गेलं. पण सततच्या थरथरीनं ते कडक होत जातं आणि फ्लेअरच्या गळ्याशी तडकतं. दुहेरी पापुद्र्याची पोलादी नळी किंवा तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी, हे दोनच खरे पर्याय. नव्वद टक्के तांबं आणि दहा टक्के निकेल असलेली ही नळी गंजत नाही, हातानं वळते आणि व्होल्वोसारख्या कंपनीनं ती सत्तरच्या दशकापासून आपल्या मोटारींना बसवली आहे.

मराठवाड्यातल्या गाडीच्या पोटाखाली एक शत्रू हमखास सापडतो, तो म्हणजे काळी माती. पावसाळ्यात रानातून जाताना चाकानं उडवलेला चिखल चासीच्या खाचेत, नळी आणि क्लिपेच्या मध्ये जाऊन बसतो. वरून वाळलेला दिसतो, आत मात्र ओल धरून ठेवतो. गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घेतली आणि नळीवरून बोट फिरवलं तर सगळी नळी धडधाकट वाटते. क्लिप उकलली, माती खरवडली आणि त्या दोन इंच जागेवर पॉलिश पेपर मारला की मग खड्डे दिसतात. कधी नखानं दाबलं तरी पत्र्याचा पापुद्रा निघतो. नळी उघड्यावर क्वचितच फुटते, ती क्लिपेखाली फुटते. म्हणून जुन्या नळीची तपासणी क्लिपा न काढता केली असेल, तर ती झालीच नाही असं समजावं.

मग वाट ठरवायची कशी? जुनं पोलकं मापाला म्हणून शिंप्याकडं द्यावं, तशी जुनी नळी नव्या नळीचं माप असते. ती कापून, ओढून भंगारात टाकण्याची घाई हा या कामातला सर्वांत महागडा आळस. आधी फोटो, मग प्रत्येक जोडाला चिठ्ठी, मग नट सैल करून नळी अख्खी बाहेर. मूळ नळी नसेलच, तर जाड जस्ताची तार घेऊन ती चासीवर हव्या त्या वाटेनं वळवून बघावी आणि त्या तारेवरून नळी वळवावी. वळण नेहमी बेंडरवर घ्यावं. गुडघ्यावर वाकवलेली नळी आतून चपटी होते, आणि चपट्या जागेतून ब्रेक सुटताना ऑइल हळू परततं.

वाटेचे नियम थोडेच आहेत आणि प्रत्येकामागं कारण आहे. नळी चासीच्या आतल्या बाजूनं जावी, खालच्या कडेखालून नव्हे, कारण बांधावरून गाडी उतरवताना सगळ्यांत आधी घासते ती खालची कड. मागच्या हाउसिंगवर ती वरच्या किंवा मागच्या अंगाला असावी, कारण दगड समोरून येतो. सायलेन्सरच्या पाइपापासून ती लांब असावी, आणि जिथं लांब जाता येत नाही तिथं मध्ये पत्र्याचा आडोसा असावा. फिरत्या शाफ्टच्या आसपास तर ती फिरकूच नये. दर फूट-दीड फुटावर रबर लावलेली क्लिप हवी; लोंबकळणारी नळी थरथरते आणि थरथरणारी नळी तुटते. चासीच्या भोकातून नळी आरपार न्यायची असेल तर भोकाला ग्रोमेट हवाच. आणि ब्रेकच्या नळीला वाटेत उगाच उंच कमान देऊ नये. हवा वर चढते, कमानीत अडकते आणि कितीही वेळा एअर काढली तरी पेडल स्पंजासारखं राहतं.

रबरी पाइपाची परीक्षा गाडी उभी असताना होत नाही. चासी जॅकवर उचलून हाउसिंग पूर्ण खाली लोंबू द्यावं, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावं आणि त्या वेळी पाइप ताणतोय का, टायरला किंवा पाट्याला घासतोय का, ते बघावं. पाइपावरची रेघ सरळ राहिली पाहिजे. तिला पीळ पडला असेल तर बसवताना पाइप फिरला आहे. जुन्या रबरी पाइपाचा आणखी एक छुपा आजार आहे. बाहेरून तो ठीक दिसतो, पण आतलं रबर फुगून भोक बुजत आलेलं असतं. पायाच्या जोरानं ऑइल चाकाकडं जातं, परत मात्र येत नाही. एक चाक तापतं, गाडी एका बाजूला ओढते आणि मिस्त्री व्हील सिलिंडर बदलत राहतो.

भारतातल्या जीपवाल्याला आणखी एक अडचण येते, तिचा उल्लेख परदेशी पुस्तकांत नसतो. विलीसची मूळ मॅन्युअलं डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी काढलेली आहेत. तिथं मास्टर सिलिंडर डावीकडं असतं, म्हणून एअर काढताना सर्वांत लांबचं चाक म्हणजे मागचं उजवं. उजव्या स्टिअरिंगच्या महिंद्रात सगळं उलटं होतं: सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून. नळ्यांचे फाटेही आरशातल्यासारखे पालटतात. आकृती बघून डोळे मिटून नळी वळवणाऱ्याची नळी शेवटी वीतभर कमी तरी पडते किंवा सायलेन्सरवरून तरी जाते.

दुसरी अडचण आट्यांची. जुन्या जीपच्या ३/१६ नळीच्या नटाला ३/८ इंचाच्या, इंचाला २४ आट्या असतात. नंतरच्या मेट्रिक गाड्यांचा नट १० मिलिमीटरचा, एक मिलिमीटर पिचचा. दोन्ही आट्यांची अंतरं जवळजवळ सारखी आहेत आणि ३/८ म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच. त्यामुळं इंची नट मेट्रिक भोकात बिनबोभाट जातो, आवळल्यासारखाही वाटतो, आणि पहिल्या जोरदार ब्रेकला आट्या सोडून बाहेर येतो. दुकानदारानं वाटीत एकत्र ठेवलेल्या नटांतून नट निवडताना व्हर्निअर सोबत असावा, तो यासाठी. फ्लेअरचंही तसंच: अमेरिकी पद्धतीचा ४५ अंशांचा दुहेरी फ्लेअर आणि युरोपी गाड्यांचा फुगीर फ्लेअर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. फ्लेअर मारण्याआधी नट नळीत ओवला आहे ना, हे बघायला विसरणारे तर प्रत्येक गॅरेजात भेटतात; त्यांची नळी दर वेळी इंचभर आखूड होते.

ब्रेक ऑइल ओतताना कंजुषी नको आणि प्रयोगही नकोत. ते ग्लायकॉलचं असतं, हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं; पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर ड्रम तापले की जुन्या ऑइलमध्ये वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, चाक दाबत नाही. इंजिन ऑइलचा थेंब जरी यात गेला तरी रबरी वायसर फुगतात. सांडलेलं ब्रेक ऑइल नव्या रंगाचाही पापुद्रा काढतं, म्हणून नळ्यांचं काम रंगाच्या शेवटच्या हाताआधी आटोपलेलं बरं.

इंधनाच्या नळीचं गणित वेगळं आहे. तिथं दाब नगण्य, धोका उष्णतेचा आणि आगीचा. युद्धकाळातल्या जीपची टाकी थेट चालकाच्या आसनाखाली होती. टाकीतून पेट्रोल ओढून घेतो तो इंजिनावरचा डायफ्रॅमचा पंप. तो ओढतो म्हणजे नळीत दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. मे महिन्यात बीडचं तापमान चाळीशीच्या पुढं असताना, चढणीवर पहिल्या गिअरमध्ये रेटलेल्या इंजिनाशेजारून ही नळी गेली असेल, तर पंपात पेट्रोलऐवजी वाफ येते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओला फडका टाकून गाडी चालू करणारे जुने ड्रायव्हर अजून आहेत. फडका उपाय आहे, पण कायमचा इलाज नळीची वाट बदलण्यात आहे: एक्झॉस्टपासून लांब, आणि शक्य तिथं वाऱ्याच्या झोतात.

यात गेल्या काही वर्षांत उसानंच नवी भर घातली आहे. २०२३ पासून देशात टप्प्याटप्प्यानं २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं, आणि त्यातलं काही इथेनॉल साखर उद्योगातून येतं. जुन्या जीपचे रबरी पाइप, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरची पॅकिंगं हे सगळं इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनवलेलं होतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, टाकीच्या तळाचा साठलेला गंज सोडवून फिल्टरमध्ये आणतं आणि पाणीही धरतं. म्हणून नवा पाइप घेताना त्याच्यावर इथेनॉलला चालणारा असल्याची नोंद बघावी. विटॉनचा आतला थर असलेला पाइप महाग पडतो, पण तोच टिकतो. रबर जितकं कमी तितकं बरं: लांब पल्ला धातूच्या नळीचा, रबर फक्त जिथं इंजिन हलतं तिथं.

मराठवाड्यातल्या पुष्कळ जीप मात्र आता पेट्रोलच्या राहिलेल्याच नाहीत. डिझेल स्वस्त होतं त्या काळात त्यांना ट्रॅक्टरच्या जातीचं किंवा प्यूजो घराण्याचं २११२ सीसी डिझेल इंजिन बसवलं गेलं. पेट्रोलला टाकीतून एकच नळी लागत होती. डिझेलला परतीचीही लागते. गॅरेजात ही परतीची नळी अनेकदा मिळेल त्या प्लॅस्टिकच्या पाइपानं, मिळेल त्या वाटेनं नेलेली आढळते. शिवाय डिझेलची गळती फसवी. टाकी ते फीड पंप या टप्प्यात जोड सैल असेल तर थेंब बाहेर पडत नाही, हवा आत शिरते. जमिनीवर डाग नाही, पण सकाळी गाडी चालू होत नाही आणि ‘एअर पकडली’ म्हणून रोज हँड पंप मारत बसावं लागतं. तांब्याची वायसर बदलणं आणि नळीचं टोक एकसारखं कापणं, एवढ्यावर हा रोजचा त्रास पुष्कळदा संपतो.

कायद्याचं भान सुटता कामा नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा फेरबदल करता येत नाही. इंधन बदललं असेल तर त्याची नोंद हवी. २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ रूपात जपलेली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली गाडी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, आणि ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळं गाडी प्रदर्शनात ठेवायची की रानात आणि घाटात चालवायची, हे मालकानं आधीच ठरवावं. पहिल्या प्रकारात मूळ एकमार्गी ब्रेक मूळ वाटेनं जपणं योग्य. दुसऱ्या प्रकारात, रीतसर परवानगी घेऊन, दोन मार्गांचं मास्टर सिलिंडर आणि पुढच्या-मागच्या चाकांना स्वतंत्र नळ्या, हाच शहाणपणाचा निर्णय आहे.

ही पुस्तिका ज्यांच्याकडं पाने, बेंडर, फ्लेअरिंगचं हत्यार आणि थोडा धीर आहे अशा मालकांसाठी आहे, आणि ज्यांच्याकडं हे नाही पण जे गॅरेजात उभं राहून काम करून घेतात त्यांच्यासाठीही. मिस्त्रीला कुठली नळी कुठून नेली हे विचारता यावं, एवढं ज्ञान प्रत्येक मालकाकडं असावं. वाचकांना विनंती एवढीच: जुनी नळी नवी बसेपर्यंत फेकू नका, पेट्रोलच्या नळीजवळ वेल्डिंग करू देऊ नका, आणि नव्या ब्रेकची पहिली चाचणी हँडब्रेक तपासून, मोकळ्या सपाट मैदानात, पहिल्या गिअरमध्येच घ्या.